दोन्ही बाजूंनी दुभंगलेला ओठ आणि टाळू: टाक्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या ओठाला दोन्ही बाजूंनी फट आहे असं कळलं की घरातला पहिला प्रश्न असतो, किती टाके पडतील? कधी सोनोग्राफीत काहीच दिसलेलं नसतं आणि सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून आणतात तेव्हाच उलगडा होतो. टाळूची फट तर सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटते.

मी वाचा-उपचार करते. ठाणे-नवी मुंबईतली मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक ओठाची शस्त्रक्रिया उरकल्यावर. टाके सुकलेले असतात, फोटो छान येतात, आणि मूल ‘बाबा’ म्हणायला जातं तेव्हा ‘मामा’ ऐकू येतं. त्यामुळे मला टाक्यांपेक्षा स्नायूंबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. कातडी जोडणं हा या शस्त्रक्रियांमधला त्यातल्या त्यात सोपा भाग. चुकीच्या जागी जाऊन चिकटलेले स्नायू सोडवायचे आणि योग्य दिशेने एकमेकांना जोडायचे, यात सर्जनचा कस लागतो. ओठातही आणि टाळूतही.

दुसरा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही, पण घरभर फिरत असतो. हे कुणामुळे झालं? बोट जवळपास नेहमी आईकडे वळतं. ग्रहणात विळीला हात लावलास का, काही चिरलंस का, सुई-दोरा घेतलास का. कळवा असो की ऐरोलीची उंच सोसायटी, हे मी सगळीकडे ऐकलंय. शास्त्र काय सांगतं? बाळाचा चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांपासून घडतो. एक कपाळाच्या बाजूने खाली उतरतो, दोन गालांच्या बाजूंनी पुढे येतात आणि खालच्या जबड्याचे दोन. गर्भ साधारण चार ते सात आठवड्यांचा असताना वरचे उंचवटे एकमेकांना मिळतात आणि वरचा ओठ तयार होतो. टाळूचे दोन पडदे त्यानंतर मध्यभागी जुळतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते काम संपतं. म्हणजे सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाला फाडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ओठ केव्हाच जुळलेला असतो, किंवा जुळायचा राहून गेलेला असतो.

का राहतो, याला बहुतेक वेळा एकच एक कारण नसतं. थोडा वाटा आनुवंशिकतेचा, थोडा परिस्थितीचा. गरोदरपणातलं धूम्रपान, व्हॅल्प्रोएटसारखी फिट्सची काही औषधं, आधीपासूनचा आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी शक्यता वाढते. (फिट्सची गोळी मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेता येतं.) मिश्री लावायची सवय असेल तर तीही सोडलेली बरी. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी. मणक्याच्या दोषांसाठी तिचा उपयोग पक्का सिद्ध झालाय, ओठ-टाळूसाठीचा पुरावा तेवढा ठाम नाही, पण घेण्यात तोटा काहीच नाही. जगभरात साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळात ओठाची किंवा टाळूची फट आढळते. आई-बाबांपैकी कुणालाच ती नसेल आणि पहिल्या बाळाला असेल, तर पुढच्या बाळात शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. दोन्ही बाजूंची फट असेल तर किंचित जास्त. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा, तो अशाच वेळेसाठी असतो.

एका बाजूच्या फटीपेक्षा दोन्ही बाजूंची फट अवघड का, ते मधल्या तुकड्यामुळे. नाकाखालची जी छोटी खळगी असते, तिच्याखालचा ओठ, त्यामागची हिरडी आणि पुढच्या दातांचं हाड, एवढा भाग दोन्ही बाजूंपासून सुटा राहतो. तो फक्त नाकाच्या पडद्याला धरून असतो. ओठाचा स्नायू खरं तर तोंडाभोवती गोल फिरतो आणि हाडाला आतल्या बाजूला दाबून ठेवतो. इथे ते वर्तुळच तुटलेलं, म्हणून मधलं हाड पुढे सरकत राहतं आणि नाकाच्या शेंड्याखाली गोळ्यासारखं बाहेर दिसतं. पहिल्यांदा पाहताना आई-बाबांना सर्वांत जास्त धक्का याचाच बसतो. नाकाच्या दोन भोकांमधला खांब इतका आखूड असतो की शेंडा ओठावर टेकल्यासारखा वाटतो. आणि त्या मधल्या तुकड्यात ओठाचा स्नायू नसतो. कातडी आहे, आत स्नायू नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

शस्त्रक्रियेच्या आधी मात्र दूध. पहिल्या आठवड्यात हाच खरा प्रश्न असतो आणि नेमकं हेच नीट सांगितलं जात नाही. टाळू ही तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत. तिला फट असली की तोंडात निर्वात पोकळी निर्माण होत नाही, आणि त्या पोकळीशिवाय चोखता येत नाही. बाळ तोंड हलवतं, आईला वाटतं पितंय, पण पोटात फार थोडं जातं आणि बाळ दमून झोपी जातं. म्हणून आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा दाबता येणाऱ्या खास बाटलीने पाजायचं. आजीच्या कपाटातलं बोंडलं इथे अगदी चपखल बसतं, फक्त प्रत्येक वेळी उकळून घ्या. बाळाला आडवं न ठेवता डोकं उंच धरून बसतं करा. बोंडल्याची चोच फटीत जाणार नाही अशी गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि थेंब थेंब सोडा. बाळाने गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. ही बाळं दुधाबरोबर हवाही खूप गिळतात, म्हणून मध्येच दोन-तीनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढा. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासात आटपलं पाहिजे. तासभर चाललं तर जेवढं दूध गेलं तेवढी ताकद पिण्यातच खर्च होते.

नाकातून दूध आलं की घरचे घाबरतात. ते येणारच, मध्ये भिंतच नाही. नाकात दूध येणं आणि फुप्फुसात दूध जाणं यात फरक आहे. ठसका थांबत नाही, ओठ निळे पडले, श्वास जोरजोरात चालला तर मात्र लगेच दवाखाना गाठा. एरवी मऊ कापडाने पुसायचं, बाळाला जरा उभं धरायचं आणि पुढे चालू ठेवायचं. दर आठवड्याला वजन करा, पुढच्या तारखा त्या काट्यावरच ठरतात.

याच दिवसांत ओठावर पट्टी सुरू होते. गालावरून गालावर ताणून लावलेली चिकटपट्टी पुढे आलेल्या हाडाला हळूहळू मागे ढकलते. काही ठिकाणी दंतचिकित्सक त्यासोबत एक साचा करून देतात. टाळूत बसणारी अॅक्रिलिकची प्लेट आणि तिला जोडलेला, नाकपुडीला वर उचलणारा छोटा हात. ही पद्धत न्यूयॉर्कच्या बॅरी ग्रेसन यांनी १९९० च्या दशकात रुजवली. जन्मानंतरचे काही आठवडे आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या नाकाची कूर्चा, म्हणजे आतलं लवचीक हाड, मऊ असते, वळवाल तशी वळते. नंतर ती कडक होते, म्हणून घाई. अडचण अशी की प्लेट दर आठवड्याला घासून नीट करावी लागते. घणसोलीहून नेरुळला ट्रान्स-हार्बर लोकलने जाणं एक वेळ जमतं, मुरबाडहून एसटीने दर आठवड्याला बाळाला घेऊन येणं जमेलच असं नाही. प्लेट जमली नाही तर नुसती पट्टीही बरंच काम करते. तेवढ्याने संधी हुकली असं समजू नका.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होते. डॉक्टरांकडे एक जुना आडाखा आहे, तिन्ही आकडे दहाचे: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १०. हा नियम नव्हे, पण शहाणपणाचा आहे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन तसंही नैसर्गिकरीत्या खाली येतं, त्यामुळे तारीख पुढे गेली तर कुणावर चिडू नका. सर्दी-खोकला असला तरी पुढे जाते आणि जायलाच हवी. काही बाळांना हृदयाचाही दोष असतो, म्हणून टूडी-एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला जातो. तो पैसे उकळण्यासाठी नसतो. भुलीआधी उपाशी ठेवायचं म्हणजे रात्रभर रडवायचं असंही नाही. आईचं दूध साधारण चार तास आधीपर्यंत चालतं, पावडरचं किंवा गाईचं सहा तास, पाणी दोन तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी यापेक्षा वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

आता टेबलावर. भूल दिल्यावर सर्जन पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच कापत नाहीत. बारीक सुईच्या टोकाने निळ्या शाईचे ठिपके काढत असतात आणि कंपासने ते पुन्हा पुन्हा मोजत असतात. मधल्या तुकड्यातून ओठाची खळगी कोरायची असते आणि ती विचित्र वाटेल इतकी अरुंद काढतात: बॉस्टनचे सर्जन जॉन मलिकन यांच्या मापांनुसार वर नाकापाशी जेमतेम २ मिलिमीटर, खाली साडेतीन ते चार. तांदळाच्या दाण्याएवढी रुंदी! कारण हा भाग पुढच्या काही वर्षांत भराभर रुंदावतो. आज सुंदर दिसेल अशी रुंद खळगी ठेवली तर पाचव्या वर्षी ती ओठभर पसरलेली दिसते. म्हणजे सर्जनला आजचा चेहरा नाही, शाळेत जाणाऱ्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून मापं घ्यावी लागतात.

मग दोन्ही बाजूंचे स्नायू. ते नाकपुडीच्या मुळाशी वर चढून चिकटलेले असतात. तिथून सोडवून ते मधल्या कातडीच्या मागे आणतात आणि एकमेकांना शिवतात. मधल्या तुकड्याचा स्वतःचा स्नायू नाही ना, मग बाजूचे दोघे त्याच्या पाठीमागे हात मिळवतात आणि तोंडाभोवतीचं वर्तुळ पहिल्यांदा पूर्ण होतं. या वर्तुळाचा ताण पुढे हाडाला जागेवर ठेवतो, पट्टीचं काम आता ओठ स्वतः करतो. ओठाचा मधला लालसर भागही मधल्या तुकड्याचा वापरत नाहीत, तो कोरडा आणि पातळ असतो. बाजूच्या ओठांचा लाल भाग आणून मधोमध जोडतात. हे नीट झालं नाही तर ओठाच्या मध्यावर खाच राहते आणि तोंड मिटलं तरी शीळ घालताना राहते तशी फट दिसते. नाकाच्या कूर्चाही याच वेळी उचलून बांधल्या जातात. जुन्या काळी नाकाचा आखूड खांब लांब करायला नंतर ओठातलीच कातडी उसनी घेत आणि व्रण वाढत. आता खांबाची लांबी नाकातल्या कूर्चा जागेवर आणूनच मिळवायचा प्रयत्न असतो. हाड फारच पुढे असेल तर काही सर्जन आधी फक्त ओठाच्या कडा तात्पुरत्या जोडतात आणि खरी शस्त्रक्रिया नंतर करतात. हाड कापून मागे ढकलणं लहान वयात शक्यतो टाळतात, कारण पुढे चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ खुंटू शकते.

घरी आल्यावर काही दिवस बाळाच्या कोपरांना पट्ट्या बांधलेल्या असतात, हात ओठाकडे जाऊ नयेत म्हणून. व्रण पहिले दोन-तीन महिने लाल आणि टणक होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. आजी म्हणतात, बिघडवलं. वर्षभरात तो मऊ होत जातो. डॉक्टरांनी सांगितल्यावर सुरू केलेला हलका मसाज आणि उन्हापासून जपणं, एवढंच आपल्या हातात.

इथून पुढे बरीच कुटुंबं दिसेनाशी होतात. चेहरा नीट झाला, बारसं-जावळ झालं, नातेवाईक गप्प झाले. टाळूची फट तोंड उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाही. माझं म्हणणं कडू वाटेल, पण ओठ आणि टाळू यांपैकी एकाच शस्त्रक्रियेसाठी आटापिटा करायची वेळ आली तर तो टाळूसाठी करा. ओठाचा व्रण घेऊन माणूस मुलाखत देऊ शकतो. बोलणं समजत नसेल तर पहिल्याच वाक्याला अडखळतो.

टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. उचलणारे दोन स्नायू डाव्या-उजव्या बाजूंनी येऊन मध्यभागी मिळतात आणि झोळीसारखे टाळूला वर धरतात. फट असलेल्या टाळूत ही झोळी तयारच होत नाही. दोन्ही स्नायू आडवे जायचे सोडून पुढे जातात आणि कडक टाळूच्या मागच्या काठाला चिकटतात. नुसती फट शिवली तर टाळू बंद दिसते, पण हलत नाही. जर्मनीतले ऑटो क्रीन्स यांनी १९६९ मध्ये हे स्नायू सोडवून आडवे फिरवून जोडण्यावर भर दिला. अमेरिकेतल्या लिओनार्ड फरलो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत टाळूच्या दोन थरांवर उलटसुलट ‘झेड’ आकाराचे छेद घेतात, त्यामुळे स्नायू आडवे होतात आणि टाळू लांबही होते. कोणती पद्धत हे सर्जनवर सोडा. आपण एकच विचारायचं: डॉक्टर, स्नायू जोडणार ना?

वेळ साधारण नऊ महिने ते दीड वर्ष. लवकर केली तर बोलणं चांगलं येतं, पण व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ मागे पडण्याची भीती. उशीर केला तर जबडा बरा वाढेल, पण तोवर मूल चुकीच्या पद्धतीने बोलायला शिकून बसतं. यावर जगभर वाद घालून झालेत आणि बहुतेक ठिकाणी कौल बोलण्याच्या बाजूने पडतो.

हे घरी समजून घ्यायचं असेल तर एक छोटा आरसा घ्या. आपल्याच नाकाखाली धरा आणि ‘मामा, नाना’ म्हणा. आरशावर वाफ येईल, म आणि न नाकातूनच निघतात. आता ‘काका, बाबा, टोपी, पपई’ म्हणा. आरसा स्वच्छ राहील, कारण टाळूने वाट बंद केलीय. टाळू काम करत नसेल तर या शब्दांनाही आरसा धुरकट होतो, ‘बाबा’चं ‘मामा’ होतं आणि ‘पपई’ची ‘ममई’. मूल मग स्वतःच वाट शोधतं. तोंडात दाब राहत नाही म्हणून क, ट, प यांच्याऐवजी घशातच झटका देऊन आवाज काढायला लागतं. ‘काका’ ऐवजी दोनदा तुटलेला ‘आ-आ’. एकदा ही सवय लागली की टाळू कितीही छान शिवली तरी ती आपोआप जात नाही. ती मोडणं हे माझं काम, आणि त्यासाठी मूल नियमित यावं लागतं.

एक सल्ला सर्रास दिला जातो: फुगे फुगवा, मेणबत्ती विझवा, पिपाणी वाजवा. मुलांना मजा येते, बोलणं सुधारत नाही. फुंकताना टाळू वेगळी वापरली जाते आणि बोलताना वेगळी. ‘प’ शिकायचा तर ‘प’च म्हणावा लागतो, रोज घरी पाच-दहा मिनिटं, आरशापुढे, आई-बाबांबरोबर. आणि टाळू आखूड असल्यामुळे हवा गळत असेल तर व्यायामाने ती लांब होत नाही. चार-पाच वर्षांच्या वयात दुर्बीण घालून बोलताना टाळू किती हलते ते पाहतात आणि काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते. टाळूत लहान भोक राहणं हेही होतं, दोन्ही बाजूंच्या फटीत जास्त. त्यातून दूध-आमटी नाकात येत असेल तर ते पुन्हा बंद करता येतं.

कान विसरू नका. टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात. ती उघडत नाही म्हणून पडद्यामागे चिकट पाणी साचतं आणि मुलाला पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू येतं. हाक मारल्यावर बघत नाही, म्हणजे हट्टी आहे असं समजू नका. आधी तपासणी करून घ्या.

हिरडीच्या फटींची पाळी सात ते अकरा वर्षांत येते. कमरेच्या हाडातला मऊ गर काढून हिरडीत भरतात, सुळ्याचा दात उतरायच्या आत, म्हणजे तो त्या नव्या हाडातून खाली येतो. मधला तुकडा तोपर्यंत थोडा हलत असतो, तोही यामुळे घट्ट होतो. त्याच्या मागेपुढे दातांच्या तारा. दात किडलेले असतील तर हे सगळं अडतं, तेव्हा ब्रशबद्दल तडजोड नको.

खर्चाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणीला येणारं पथक त्याचंच. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या आजारांची नोंद ते घेतात, त्यात ओठ-टाळूची फट आहे, आणि पुढे जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. स्माइल ट्रेन ही संस्था २००० पासून भारतात काम करते आणि तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांमध्ये शस्त्रक्रिया मोफत होते. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. नायरमध्ये वाचा-उपचाराचं महाविद्यालयही आहे, आणि वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था. पैशांपेक्षा जास्त अडवते ती बुडालेली रोजी आणि प्रवास. दिव्याहून सकाळच्या लोकलमध्ये वर्षाचं मूल घेऊन चढून दाखवा, मग पालकांना निष्काळजी म्हणा. म्हणून जिथे सर्जन, दंतचिकित्सक, कानाचे डॉक्टर आणि वाचा-उपचार एकाच दिवशी एकाच छताखाली भेटतात, ते ठिकाण घरापासून थोडं लांब असलं तरी निवडा.

शेवटचा टप्पा वाढ थांबल्यावर. काहींचा वरचा जबडा मागे राहतो, वरचे दात खालच्यांच्या आत जातात. सोळा-अठराच्या पुढे जबडा पुढे आणायची शस्त्रक्रिया करतात आणि नाकाची त्याच्याही नंतर, कारण जबडा सरकला की नाकाचा पायाच बदलतो. इथे सही आई-बाबांची लागली तरी निर्णय त्या मुलाचा असतो. अकरावीतली मुलगी ‘नाकाचं बारावीनंतर बघू’ म्हणाली तर तिच्यामागे लागू नका. टाळूला आणि हिरडीला वयाची घाई होती, नाकाला ती नाही.